जोपर्यंत आणि तोपर्यंत : अ‍ॅडव्हेंटिस्ट शिक्षणसंस्थांतील वर्णविभाजन आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रतिकार

अमेरिकेतील वर्णभेदाचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासकांची दृष्टी बहुधा तेथील राज्यांचे कायदे, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आणि नागरी हक्कांची चळवळ ह्यांवरच स्थिरावते. ख्रिस्ती धर्मसंघांनी स्वतःच्या बळावर चालविलेल्या शाळा-महाविद्यालयांचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः तो अधिक बोधक आहे. कायद्याने लादलेले विभाजन कायद्याने उठविता येते. परंतु सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत असे शिकविणारा संघ जेव्हा आपल्याच भोजनगृहात दोन पंक्ती मांडतो, तेव्हा त्याला त्या कृतीचे समर्थन स्वतःच्या शब्दांत करावे लागते, आणि ते शब्द कायद्याहून अधिक काळ टिकतात. प्रस्तुत लेखात सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट ह्या एकाच संघाचा विचार केला आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे घटनांइतकेच त्या घटनांना दिलेल्या नावांकडे आणि वाक्यांच्या घडणीकडेही त्याचे लक्ष जाते, हे आरंभीच सांगितलेले बरे.

हा संघ १८६३ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे रीतसर स्थापन झाला. गुलामांच्या मुक्ततेचा लिंकनचा जाहीरनामा त्याच वर्षी अमलात आला होता. संघाचे आद्य प्रवर्तक उत्तरेकडील, आणि दास्यप्रथेचे कट्टर विरोधक होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली त्यांच्याच वृत्तीचे ते होते असे म्हणण्यास हरकत नाही. शनिवारचा शब्बाथ, ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा, मद्य व तंबाखू वर्ज्य, आरोग्यविषयक नियमांचा आग्रह आणि जागोजागी स्वतःच्या शाळा ही ह्या संघाची ठळक वैशिष्ट्ये. १९४२ पासून पुण्यात असलेली, आता विद्यापीठ झालेली स्पायसर ही संस्था ह्याच संघाची. त्यामुळे आपल्या वाचकांना हे नाव अगदीच अनोळखी नाही.

विभाजनाची सुरुवात कशी झाली हे कळण्यास अ‍ॅना नाइट ह्या स्त्रीचे चरित्र फार उपयोगी पडते. तिचा जन्म १८७४ मध्ये मिसिसिपी राज्यातील जोन्स परगण्यात झाला. तिची आजी गुलामगिरीत वाढलेली. कृष्णवर्णीयांसाठी गावात शाळा नसल्याने अ‍ॅना शेजारच्या गोऱ्या मुलांबरोबर खेळता खेळता अक्षरे शिकली, आणि टपालाने येणारी अ‍ॅडव्हेंटिस्ट नियतकालिके वाचून त्या पंथाकडे वळली. १८९० नंतरच्या काही वर्षांत ती शिक्षणासाठी टेनेसीमधील ग्रेझव्हिल येथील संघाच्या शाळेत गेली. तिच्या रक्तात कृष्णवर्णीय अंश आहे हे लोकांना समजताच गावातून तक्रार आली. संचालकांनी तिला हाकलून दिले नाही, आणि वर्गातही बसू दिले नाही. वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेने तिला एकटीला खोलीत शिकवावे, अशी तोड काढण्यात आली. ह्या तोडीत पुढील सत्तर वर्षांचे सारे धोरण बीजरूपाने आहे. शिक्षण नाकारलेले नाही. फक्त ते भिंतीपलीकडे नेलेले आहे, आणि नेणाऱ्याला आपण दयाच केली असे वाटते आहे.

अ‍ॅनाने पुढे बॅटल क्रीकला परिचारिकेचे शिक्षण घेतले, मिसिसिपीत परत येऊन स्वतःची शाळा काढली, आणि तिच्या दारूविरोधामुळे चिडलेल्या चोरट्या दारू गाळणाऱ्यांपासून संरक्षण म्हणून ती जवळ बंदूक बाळगून शिकवीत असे. १९०१ मध्ये संघाने तिला हिंदुस्थानात पाठविले. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेल्या कर्माटांड येथे तिने काम केले. ज्या संघाच्या शाळेत तिला वर्गात बसता आले नाही त्याच संघाची प्रचारिका म्हणून ती येथे आली, आणि येथे तिचा वर्ण कामाच्या आड आला नाही. तिचे आत्मचरित्र १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ग्रेझव्हिलचा प्रसंग तिने विशेष कडवटपणा न आणता सांगितला आहे; वाचणाऱ्याला मात्र तो सहजासहजी विसरता येत नाही.

संघाच्या आतून विरोध झालाच नव्हता असे नाही. चार्ल्स किनी हा गुलामगिरीत जन्मलेला गृहस्थ ह्या संघाचा दीक्षित झालेला पहिला कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होय. १८८९ मध्ये, ज्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली त्याच सुमारास, मेळाव्यात कृष्णवर्णीयांना वेगळे बसविण्याची सूचना पुढे आली. किनीने तिला लेखी हरकत घेतली. वेगळे बसविणे हा आमचा अवमान आहे, असे त्याने म्हटले. पण त्याबरोबर असेही सुचविले, की पूर्ण वेगळेपणा टाळता येतच नसेल, तर आमचे व्यवस्थापनही आमच्या हाती द्यावे. ही दुसरी सूचना वाचकांनी ध्यानात ठेवावी. पंचावन्न वर्षांनी तीच खरी ठरणार होती.

१८९१ मध्ये संघाच्या प्रमुख मार्गदर्शिका एलन व्हाइट ह्यांनी पुढाऱ्यांसमोर भाषण करून कृष्णवर्णीयांविषयीच्या कर्तव्याची आठवण करून दिली आणि धर्मसभेत रंगावरून अंतर राखणे चूक आहे असे स्पष्ट बजावले. त्यांचा मुलगा एडसन व्हाइट ह्याने ते भाषण मनावर घेतले. 'मॉर्निंग स्टार' नावाची वाफेची बोट बांधून तो मिसिसिपी नदीने व्हिक्सबर्गला पोहोचला. ती बोट हेच त्याचे घर, छापखाना आणि शाळा. पण ह्या शाळांवर गोऱ्या जमावांचे हल्ले झाले, पुस्तके जाळली गेली, कार्यकर्त्यांना चाबकाचे फटके बसले. अशा वातावरणात नोव्हेंबर १८९६ मध्ये अ‍ॅलाबामातील हंट्सव्हिलजवळ, एका जुन्या मळ्याच्या जमिनीवर, सोळा विद्यार्थ्यांनिशी ओकवुड औद्योगिक शाळा सुरू झाली. प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विभाजन घटनेशी सुसंगत ठरविले तेही १८९६ मध्येच. ज्या मळ्यावर एके काळी गुलाम राबले तेथेच त्यांच्या नातवंडांनी शेतीकाम करीत अक्षरओळख करून घ्यावी, ह्यातील विसंगती कोणाला फारशी जाणवली नसावी. बुकर टी. वॉशिंग्टनच्या टस्कीगी संस्थेचा नमुना त्या काळी सर्वांपुढे होता.

ह्यानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हाइटबाईंच्या लेखसंग्रहाच्या नवव्या खंडाकडे वळले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्यातील काही परिच्छेदांभोवती फिरतो. दक्षिणेत गोऱ्यांचे व कृष्णवर्णीयांचे काम वेगवेगळ्या मार्गांनी चालावे, समानतेचा प्रश्न तेथे उकरून काढू नये, असा सल्ला त्यांनी दिला. जोपर्यंत परमेश्वर ह्याहून चांगला मार्ग दाखवीत नाही तोपर्यंत, अशी मर्यादा मात्र त्याला घातली. भाषेच्या दृष्टीने पाहता येथे एक प्रधानवाक्य आहे आणि एक कालमर्यादा सांगणारे गौणवाक्य आहे. अर्थाचा सारा भार गौणवाक्यावर आहे; ते काढून घेतले तर तात्पुरती तडजोड शाश्वत आज्ञा होऊन बसते. पुढील चाळीस वर्षांत नेमके हेच घडले. प्रशासकांच्या पत्रव्यवहारात आणि ठरावांत 'वेगळे' राहिले, 'तोपर्यंत' गळाले. पवित्र मानलेल्या ग्रंथातील वाक्य अर्धे उद्धृत करण्याची खोड जगात सर्वत्र आहे, आपल्याकडील टीकाकारांनाही ती अपरिचित नाही. पण ह्या ठिकाणी तिची किंमत मोजावी लागली ती विद्यार्थ्यांना.

ह्या सल्ल्यामागे खरे भय होते, हे नाकारणे अन्यायाचे होईल. १९०६ च्या अटलांटा शहरातील दंगलीनंतर दक्षिणेत मिश्र सभा भरविणे म्हणजे लोकांचे प्राण पणाला लावणे होते. परंतु तेच धोरण जेव्हा मिशिगनसारख्या राज्यात लागू होते, तेव्हा भयाचे स्पष्टीकरण पुरत नाही. बेरियन स्प्रिंग्ज येथील महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश होता, पण भोजनगृहातील त्यांची टेबले वेगळी. राजधानीलगतच्या टकोमा पार्क येथे संघाची जागतिक कचेरी, छापखाना, रुग्णालय आणि महाविद्यालय होते. तेथे तर कृष्णवर्णीय सभासदांना प्रवेशाची दारेच बंद. आपल्या भाषेत पंक्तिभेद हा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ भोजनाशी निगडित आहे. वर्णभेदाचा सर्वांत बोचरा अनुभव ताटाजवळ येतो, हे महाराष्ट्रातील वाचकाला निराळे सांगण्याची गरज नाही.

आता ओकवुडकडे परत येऊ. १९३१ पर्यंत ह्या संस्थेला पस्तीस वर्षे झाली होती. विद्यार्थी सर्व कृष्णवर्णीय, आणि प्रमुख मात्र आरंभापासून एकजात गोरे. शारीरिक श्रमांवर भर इतका, की उच्च शिक्षणाची आकांक्षा धरणाऱ्यास आपण विद्यालयात आहो की मळ्यावर, असा प्रश्न पडावा. देशातील इतर कृष्णवर्णीय महाविद्यालयांत तेव्हा असंतोष उसळलेला होता. फिस्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केलेल्या संपामुळे तेथील गोऱ्या अध्यक्षाला १९२५ मध्ये पद सोडावे लागले होते. त्या लढ्यात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली होती. हॉवर्ड विद्यापीठात १९२५ मध्ये आणि हॅम्प्टन येथे १९२७ मध्ये अशीच आंदोलने झाली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील जेम्स हम्फ्री हा धर्मोपदेशक आपल्या मोठ्या मंडळीसह १९२९-३० मध्ये संघातून बाहेर पडला होता. ओकवुडच्या विद्यार्थ्यांच्या कानी हे सारे आले नसेल असे मानणे कठीण आहे.

ऑक्टोबर १९३१ मध्ये विद्यार्थ्यांनी वर्गात व कामावर जाण्याचे नाकारले. त्यांच्या वतीने बोलण्यासाठी पाच जणांची समिती होती. कृष्णवर्णीय अध्यक्ष नेमावा, कृष्णवर्णीय शिक्षकांची संख्या वाढवावी, शिक्षणाचा दर्जा उंचवावा आणि अपमानकारक वागणूक थांबवावी, हा त्यांच्या मागण्यांचा गाभा होता. ह्या मागण्यांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. आम्हांला गोऱ्यांच्या महाविद्यालयांत घ्या, असे त्यांनी म्हटले नाही. धर्मसंघ सोडून जाण्याची भाषाही त्यांनी केली नाही. संस्था आमच्यासाठी आहे असे तुम्ही म्हणता, तर ती आमच्या माणसांच्या हाती द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. विभाजनाच्या समर्थकांचे विधान त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्यापुढे ठेवला. न्यायशास्त्रात प्रतिपक्षाच्या सिद्धान्तावरूनच त्याला बांधून घालण्याची जी रीत आहे तिचेच हे उदाहरण. संचालकांची अडचण झाली ती त्यामुळेच. ही मागणी धर्मविरोधी ठरविण्यास त्यांच्याजवळ आधार नव्हता.

संप मोडला गेला. समितीतील पाचही विद्यार्थ्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. मात्र १९३२ मध्ये गोरे अध्यक्ष जोसेफ टकर ह्यांच्या जागी जेम्स मोरन ह्यांची नेमणूक झाली, आणि ओकवुडला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाला. शिक्षकवर्गही लवकरच बहुतांशी कृष्णवर्णीय झाला. मागणी मान्य, मागणारा बडतर्फ : सत्ताधाऱ्यांची ही पद्धत सर्व देशांत सारखीच आढळते. काढून टाकलेल्या पाचांपैकी वॉल्टर फोर्डहॅम हा पुढे धर्मोपदेशक झाला, आणि कालांतराने जागतिक कचेरीत कृष्णवर्णीयांच्या कामाच्या विभागाचा प्रमुख म्हणून जाऊन बसला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनात ह्या संपाची हकीकत आहे. त्यात तो स्वतःला बंडखोर म्हणवितो, पण नीतीने चालणारा बंडखोर.

ओकवुडच्या नावात झालेले बदल ह्या संदर्भात पाहावेत. औद्योगिक शाळा, १९०४ मध्ये हस्तव्यवसाय प्रशिक्षण शाळा, १९१७ मध्ये कनिष्ठ महाविद्यालय, १९४० नंतर महाविद्यालय, आणि २००८ मध्ये विद्यापीठ. हातांकडून मस्तकाकडे झालेला हा प्रवास आपोआप झाला नाही. १९४४ मध्ये ईव्हा डाइक्स ह्या विदुषी हॉवर्ड विद्यापीठातील अध्यापन सोडून येथे आल्या आणि इंग्रजी विभाग उभारला. अमेरिकेत डॉक्टरेटचे सर्व निकष पूर्ण करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती हीच; १९२१ मध्ये रॅडक्लिफ येथून इंग्रजी भाषाविद्येत त्यांनी ही पदवी मिळविली होती. संस्थेला १९५८ मध्ये चार वर्षांचे महाविद्यालय म्हणून जी अधिकृत मान्यता मिळाली तिच्यामागे त्यांचे परिश्रम होते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे नाव आदराने लक्षात ठेवावे, एवढे विषयांतर क्षम्य मानले जाईल अशी आशा आहे.

१९४३ चा प्रसंग शाळेतील नसून रुग्णालयातील आहे, पण त्याने शाळांचाही प्रश्न ऐरणीवर आणला. न्यूयॉर्कच्या ल्यूसी बायर्ड ह्या अ‍ॅडव्हेंटिस्ट स्त्रीला गंभीर आजारात टकोमा पार्क येथील संघाच्या रुग्णालयात नेण्यात आले. त्या वर्णाने उजळ होत्या. कृष्णवर्णीय असल्याचे ध्यानात येताच त्यांना तेथे ठेवून घेण्याचे नाकारण्यात आले आणि दुसऱ्या रुग्णालयात हलविण्यात आले. काही आठवड्यांनी त्या वारल्या. सुशिक्षित कृष्णवर्णीय सभासदांनी तत्काळ एक समिती स्थापन केली आणि रूझवेल्टच्या चार स्वातंत्र्यांचा हवाला देऊन, ही चार स्वातंत्र्ये अ‍ॅडव्हेंटिस्टांमध्येही नांदणार काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारे पत्रक काढले. संघाची महाविद्यालये व रुग्णालये सर्वांना खुली करावीत, ही त्यांची मागणी होती. ह्या पिढीने ओकवुडच्या संपापुढे एक पाऊल टाकले होते. त्यांना वेगळ्या घराची मालकी नको होती. एकत्र घरात प्रवेश हवा होता.

त्यांना मिळाले ते दुसरेच. एप्रिल १९४४ मध्ये शिकागो येथील बैठकीत संघाने कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र व्यवस्थापन मंडळे स्थापण्यास अनुमती दिली. १८८९ मधील किनीच्या हरकतीतला पहिला भाग पुन्हा बाजूला राहिला आणि दुसरा अंमलात आला. ह्या मंडळांना 'प्रादेशिक' असे विशेषण लावण्यात आले, आणि जागतिक कचेरीतील जो विभाग १९०९ मध्ये 'नीग्रो' ह्या नावाने सुरू झाला होता, मग 'रंगीत' ह्या शब्दाने ओळखला जाऊ लागला, तोही १९५४ मध्ये 'प्रादेशिक' झाला. ह्या शब्दाची गंमत अशी, की तो भूगोलाचा आहे आणि वस्तू भूगोलाची नाही. एकाच भूमीवर दोन मंडळे काम करतात. एकाचे सभासद बहुतांशी गोरे, दुसऱ्याचे कृष्णवर्णीय, आणि ह्या दुसऱ्याला तेवढे 'प्रादेशिक' म्हणावयाचे. अप्रिय अर्थ झाकण्यासाठी निरुपद्रवी शब्द योजण्याला आपले जुने आलंकारिक पर्यायोक्ताच्या जवळपास कोठेतरी बसविते. प्रशासनाच्या भाषेत तो अलंकार राहत नाही, सोय होते.

असे असले तरी ह्या मंडळांनी कृष्णवर्णीयांच्या हाती पैसा, शाळा आणि नेमणुकांचा अधिकार दिला, हेही तितकेच खरे. त्यामुळे त्यांच्याविषयीचा निवाडा एका वाक्यात देणे प्रस्तुत लेखकाला जमत नाही.

१९५४ च्या ब्राउन निवाड्याने सरकारी शाळांतील विभाजन घटनाबाह्य ठरविले, पण तो निवाडा खाजगी धर्मशाळांना लागू नव्हता. संघाच्या अनेक संस्थांनी ह्या भेदाचा आसरा घेतला. तेव्हा हालचाल पुन्हा खालून सुरू झाली. जानेवारी १९६२ मध्ये हंट्सव्हिल येथील उपाहारगृहांत कृष्णवर्णीय तरुणांनी ठिय्या दिला. त्यांत ओकवुडचे विद्यार्थी होते. राजकारणापासून दूर राहण्याची संघाची शिकवण मोडून ते गेले होते, हे विसरू नये. त्या वर्षी १९ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग हंट्सव्हिलला आले, तेव्हा त्यांची सभा ओकवुडच्या आवारात झाली. जुलैपर्यंत गावातील उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. म्हणजे अवकाशयानांसाठी प्रसिद्धी पावू लागलेल्या त्या गावातील फराळाच्या बाकावर जी समता आली, ती संघाच्या कित्येक महाविद्यालयांच्या भोजनगृहांत अद्याप यावयाची होती.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे संघाचे जागतिक अधिवेशन भरले. फ्रँक हेल ह्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सामान्य सभासदांच्या संघटनेने शाळांतील प्रवेशबंदीचा प्रश्न तेथे वृत्तपत्रांपुढे मांडला. घरातील गोष्ट चव्हाट्यावर आणल्याचा दोष त्यांना देण्यात आला. अधिवेशनात फ्रँक पीटरसन हे जागतिक पातळीवरील पहिले कृष्णवर्णीय उपाध्यक्ष निवडले गेले; आणि ज्या हेलवर रोष होता तोच १९६६ मध्ये ओकवुडचा अध्यक्ष झाला. १९३१ चे वळण येथे पुन्हा दिसते, फक्त बडतर्फीचा भाग वगळून.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना वर्णभेद करण्यास मनाई केली, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यावर संघाच्या उरलेल्या महाविद्यालयांची दारे उघडली. त्यांत टेनेसीतील कॉलेजडेल येथील महाविद्यालय होते. ते १८९२ मध्ये सुरू झाले आणि १९१६ मध्ये कॉलेजडेलला हलविले गेले; त्याआधी ते ग्रेझव्हिलला होते. अ‍ॅना नाइटला ज्या शाळेच्या वर्गातून उठविण्यात आले तीच ही शाळा. तिचा अंत १९७२ मध्ये झाला, म्हणजे ती दारे उघडलेली तिने पाहिली.

बेरियन स्प्रिंग्ज येथील महाविद्यालय आता अँड्र्यूज विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एक चित्रफीत प्रसृत करून, संस्थेने वर्णभेदाच्या आपल्या इतिहासाबद्दल एका आठवड्यात क्षमा मागावी, अशी मागणी केली. मुदतीच्या आत विद्यापीठाच्या अध्यक्षांनी तशाच चित्रफितीतून क्षमा मागितली. कृष्णवर्णीयांची 'प्रादेशिक' मंडळे अद्याप चालू आहेत. ती ठेवावीत की मोडावीत ह्यावर कृष्णवर्णीय सभासदांतच मतभेद आहेत, आणि ठेवावीत म्हणणाऱ्यांचा पक्ष मुळीच दुबळा नाही.